राहून गेलेलं आमेन

टप्प.

मोरीतल्या नळाचा थेंब पत्र्याच्या बादलीत पडला आणि गुडघ्यांवर बसलेल्या सगळ्यांचे डोळे उघडले. एरवी त्या थेंबाचा आवाज होत नसे. घरच्या धाकट्या सुनेच्या नवऱ्याने नळाच्या तोंडाला एक सुती दोरा बांधून ठेवला होता. त्या दोऱ्यावरून घसरत थेंब चोरपावलांनी बादलीत उतरायचा. "वॉशर बदलायला सवड होईपर्यंत त्याला जिना करून दिलाय," असं तो म्हणायचा. सवड झालीच नाही, जिना मात्र टिकला. आज तो दोरा कशाने कोण जाणे निसटला होता.

टप्प.

जे बोलायला नको होतं ते नुकतंच बोलून झालं होतं, तेही डोळे मिटून, हात जोडून.

या घरात संध्याकाळची प्रार्थना सासरे करत. खाणीच्या दिवेखोलीत उभा जन्म गेलेला माणूस. खाली उतरणाऱ्याच्या हाती भरलेला दिवा द्यायचा, त्याचा बिल्ला हुकाला लावायचा. तो वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला परत करायचा. ज्या शिस्तीने ते हे काम करत त्याच शिस्तीने देवाशी बोलत. आधी मागणं, मग आभार. जे हयात आहेत त्यांच्यासाठी मागायचं: थोरल्याची छाती, मुलीची रात्रपाळी, नातीचा हलणारा दात. जे प्रभूकडे गेले त्यांच्यासाठी काही मागायचं नाही, त्यांना आता कशाची वाण नाही. त्यांच्याबद्दल फक्त आभार मानायचे. ही रीत सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. मागणं संपलं की सासरे एक मोठा श्वास घेत आणि मग आभाराला लागत. श्वासाच्या अलीकडे जिवंत, पलीकडे गेलेले. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला त्या श्वासाचं हसू यायचं, आणि नवरा मिटल्या डोळ्यांनीच तिला कोपराने ढोसायचा.

आज सासऱ्यांनी थोरल्यासाठी मागितलं, मुलीसाठी मागितलं, नातीसाठी मागितलं. श्वास घेतला. "आमच्या वडिलांबद्दल तुझे आभार, प्रभू. आमच्या भावाबद्दल आभार. आमचं पहिलं लेकरू तू पाळण्यातूनच उचललंस, त्याच्याबद्दल आभार. आणि आमच्या धाकट्याबद्दल..."

तिथे ते थांबले. तिथेच थेंब पडला.

"काय म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं का असं विचारावं तसा.

"जीभ चुकली."

"तुमची? इतक्या वर्षांत एकाचा दिवा दुसऱ्याच्या हातात दिला नाहीत कधी, आणि आज जीभ चुकली?"

सासरे खाली चटईकडे बघत राहिले. सासूबाई पलंगाच्या काठाचा आधार घेत उठल्या. प्रार्थना अर्धी टाकून त्यांना उठताना या घरात कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागोमाग सगळेच उठले, एकेक करून, अवघडल्यासारखे. फक्त धाकटीची लेक भिंगरी तेवढी हात जोडून बसून राहिली. आमेन तिचं होतं. बोलायला लागली तेव्हापासून घरातली सर्वांत लहान म्हणून शेवटचं वाक्य ती म्हणायची, आणि ते ठरलेलं होतं: "आणि पप्पांना वर आण. आमेन." खाणीच्या वस्तीत प्रत्येक घरातलं पोर हे म्हणतं, आणि रोज संध्याकाळी पप्पा काळ्या तोंडाने वर येतात, म्हणजे देव ऐकतो.

"माझं राहिलं," ती म्हणाली.

"थांब जरा, बाळा," धाकटी म्हणाली.

थोरला दीर दाराजवळच्या स्टुलावर बसला. खाणीतला मुकादम तो. तिथूनच तडक आला होता. तोंडही धुतलं नव्हतं, भुवया जळून पिवळ्या पडल्या होत्या. तो कशासाठी आलाय हे तो उंबऱ्यात उभा राहिला तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कुणी त्याला बोलू दिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, आधी प्रार्थना. नणंद म्हणाली होती, आधी चहा. आता प्रार्थनाही मोडली होती आणि चहाही समोर आला होता.

"आई," तो म्हणाला, "बाकीची घरं सगळी म्हणाली."

"म्हणू देत."

"आपलंच राहिलंय."

खाणीत कोळशाच्या खालच्या पट्टीत आग लागली तेव्हा धाकटा आणि त्याच्याबरोबरचे काही जण आगीच्या पलीकडे राहिले होते. त्याला आता आठवडा उलटला होता. आग विझत नव्हती. खाणीचं तोंड विटामातीने लिंपून बंद केलं तर आतली हवा संपते आणि आग मरते. हे सांगताना लोक फक्त आगीचंच बोलत. हवा संपल्यावर आणखी काय मरतं ते कुणी बोलत नसे. आणि त्या वस्तीचा रिवाज असा की घरच्यांनी 'पुरे' म्हटल्याशिवाय शोधणारे थांबत नाहीत. साहेबाने सांगो, सरकारने सांगो, थांबत नाहीत. लग्न झालेलं असेल तर तो शब्द बायकोने म्हणायचा, नसेल तर आईने. एक घर जरी अडून राहिलं तरी माणसं तोंडाला ओली फडकी बांधून पुन्हा आत उतरतात.

"दादा, तुला घाई कसली झालीय?" नणंद म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, घरात सगळ्यांवर तिचा आवाज चालायचा. "आई नको म्हणतेय ना? मग नको."

"घाई?" मुकादम हसायला गेला आणि खोकत सुटला. खोकला थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत राहिले. "शोधायला उतरलेल्या दोघांना आज पुन्हा ओढून बाहेर काढलं. तुझ्याच वॉर्डात आणून टाकलेत."

"ठाऊक आहे. मीच घेतले त्यांना." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सगळा वॉर्ड एका सुरात खोकतो. आपली गायनमंडळी कधी इतकी सुरात नव्हती."

कुणी हसलं नाही, तीही नाही. "त्या दोघांतला लहान पोरगा आहे ना," ती म्हणाली, "तो शुद्धीवर आला की एकच विचारतो, माझी पाळी कधी. पुन्हा आत जायचंय म्हणे त्याला. त्याची आई बाहेर बाकावर बसलीय. मला बघून तिने तोंड फिरवलं. मला, म्हणजे या घराला."

"तुझं काय म्हणणं आहे मग?" सासूबाईंनी विचारलं.

"माझं म्हणणं काही नाही, आई. मी बघितलं ते सांगितलं."

पण तिची खुर्ची आता आईकडून जराशी भावाकडे वळली होती, आणि ते सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"म्हणजे तूही," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांचं ठरलंय. ह्यांची जीभ चुकली, तुझं मन चुकलं, हा तर विटा बांधूनच आलाय. दर रविवारी उभं राहून आपण काय गातो? कबरीच्या तोंडावरचा दगड सरकला म्हणून गातो ना? आणि त्याच प्रभूचं नाव घेऊन मी माझ्या पोराच्या तोंडावर दगड लावू?"

"चर्चच्या पाळकांनाही मी हेच विचारलं," मुकादम म्हणाला.

"काय म्हणाले?"

"रडले. म्हणाले, सकाळी मी खाणीच्या तोंडाशी येऊन उभा राहीन. तुम्ही लिंपणार असाल तर तिथे असेन, आत उतरणार असाल तरी तिथे असेन. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही."

टप्प.

"तो नळ," नणंद वैतागून म्हणाली, "कुणीतरी आवळा रे तो नळ!" मुकादम अर्धवट उठला.

"हात लावू नका," धाकटी म्हणाली.

तिचा आवाज जरा मोठाच निघाला. ती उठून मोरीत गेली.

दोरा बादलीच्या काठाला चिकटून पडला होता. तिने तो उचलला, पिळला, नळाच्या तोंडाला गुंडाळला. लोकांचे कपडे शिवणारी बाई ती. दिवसभर सुईदोऱ्याशीच तिचा संसार. पण ही गाठ काही बसेना. थेंब दोऱ्यावर यायच्या आधीच सुटून खाली पडत होता. त्याने कुठल्या बाजूने वेढा दिला होता? आधी एक पीळ घ्यायचा होता की दोन? बांधत होता तेव्हा ती शेजारीच उभी होती, पण तेव्हा ती त्याच्या मानेवरचा न धुतलेला काळा पट्टा बघत होती, गाठ नाही. विचारायचं राहून गेलं. विचारू की आल्यावर, असं मनात येऊन गेलं आणि तिने डोळे घट्ट मिटले.

मागे पावलं वाजली. सासरे होते. त्यांनी मोरीचं दार लोटून घेतलं.

"जीभ चुकली नव्हती," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"त्याचा दिवा मीच भरून दिला होता. घेताना म्हणाला, म्हातारबा, आज काच पुसलेली दिसतेय, काही खास? मी म्हटलं, तुझं तोंड बघावं लागतं ना रोज तिच्यात." ते थोडं हसले आणि ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "किती तेल घालतो, किती जळतं, हे मला झोपेतही सांगता येतं, पोरी. त्याचा बिल्ला हुकाला आहे अजून. रोज पुसतो. पण रोज संध्याकाळी गुडघे टेकून 'त्याला सांभाळ' म्हणायचं, आणि मनात ते तेल... देवापुढे मी खोटं बोलतोय असं वाटायला लागलं. तो काय, सगळं जाणतो. त्याच्यापासून काय लपवायचं?"

"मग आभार मानताना थांबलात का?"

सासरे हाताची बोटं सदऱ्याला पुसत राहिले. त्या बोटांना तेलाचा वास कायमचा होता.

"आणि मागणं थांबवलं," तिने विचारलं, "म्हणजे विश्वास संपला का, बाबा?"

"मला दिवे कळतात ग. एवढं नाही कळत." मग ते म्हणाले, "तू मागत होतीस?"

"नुसते ओठ हलवत होते." हे ती कुणालाच बोलली नव्हती. "शब्दच नव्हते. रागसुद्धा नव्हता. रिकाम्या मशिनीवर पाय मारत राहावं, तसं."

"दिसलं होतं मला."

"डोळे मिटलेले असतात ना तुमचे?"

"म्हातारा झालोय. एक डोळा नीट मिटत नाही." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ओठ हलले ना, पुष्कळ झालं. शब्द ज्याचे आहेत तो घालील."

बाहेर सासूबाईंचा आवाज चढला होता. दोघं परत खोलीत आली.

"जाईल की!" त्या मुलीला सांगत होत्या. "दुसरी कुणी लोकांची मुलं नकोत जायला. भाऊ आहे ना सख्खा? हा जाईल. एकदा, शेवटचं. मागच्या पट्टीकडून बघून येईल."

"जाईन ना," मुकादम म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? तिने पुरे म्हटलं नाही तर सकाळी पहिला मीच उतरणार आहे. बाकीच्यांना कुठल्या तोंडाने पाठवू?"

"मागच्या पट्टीत हवा असेल का, दादा?" धाकटीने विचारलं. "खरं सांगा. आईंसाठी नको, माझ्यासाठी नको. असेल तसं सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. किती दिवसांत कुणी तिच्याकडे सरळ बघितलं नव्हतं; सगळे तिच्या कपाळाकडे नाहीतर खांद्याकडे बघून बोलत.

"नाही," तो म्हणाला. "परवाच बघितलं. आम्ही उंदीरसुद्धा पाहिला नाही जिवंत. तुम्हाला सांगवत नव्हतं."

"आणि तरी तुम्ही उतरणार."

"रिवाज आहे."

त्याने चहाचा कप उचलला. कप बशीवर खडखडला, तसा त्याने तो चटकन दोन्ही हातांत धरला. पण सासूबाईंनी ऐकलं होतं. त्या उठून त्याच्यापाशी गेल्या आणि त्याचं मनगट धरलं.

"कधीपासून हलतोय हा हात?"

"गारठा आहे, आई."

"शेगडी पेटलीय इथे."

मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, ज्याच्या एका हाकेसरशी अख्खी पाळी सरळ होते, तो आईच्या हातात मनगट ठेवून खाली मान घालून बसला. लहानपणी त्याला अंधारात कोळसे आणायला पाठवलं की हा हात असाच हलायचा, आणि धाकटा मागून बोंबलत जायचा, "भित्रट! भित्रट!" आणि मग स्वतःच बादली घेऊन पुढे व्हायचा. हे धाकटीला नवऱ्याकडूनच ठाऊक होतं. या घरात तो एकटाच अंधाराला भीत नसे.

सासूबाईंनी मनगट सोडलं नाही. एका मुलाचा हात त्यांच्या हातात होता, दुसऱ्याचा नव्हता. मग त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून तो शब्द येणार नाही. जिने म्हणायचा तिने म्हणावा."

सगळे धाकटीकडे वळले.

तिला वाटलं होतं की या क्षणी काहीतरी होईल. काही ऐकू येईल, आतून कुणी धीर देईल, निदान रडू तरी फुटेल. लहानपणापासून तिने ऐकलं होतं की संकटात प्रभू हात धरतो. ती वाट बघत उभी राहिली. हात कुणी धरला नाही. दिसलं एवढंच की मुकादमाच्या बुटांची टाच जळून वाकडी झालीय, आणि नणंदेने दोन दिवसांत केस विंचरलेले नाहीत, आणि तिकडे इस्पितळाबाहेर बाकावर कुणाची तरी आई बसलीय, तिनेही याच संध्याकाळी 'वर आण' म्हणून मागितलं असेल.

"पुरे," ती म्हणाली.

इतकासा शब्द. खोलीत जणू कुणी काही ठेवलं आणि निघून गेलं.

मुकादमाने तोंड दोन्ही हातांत झाकलं. सासूबाई मात्र झटकन वळल्या.

"म्हणालीस? इतक्या चटकन?"

"आई, तुम्हीच..."

"तुझं काय बाई. तुझं वय आहे अजून. नवरा दुसराही मिळतो. मला दुसरा मुलगा कोण देणार आहे?"

"आई!" नणंद ओरडली. "शोभतं का हे तुला?"

"मला काय शोभतं ते तू नको सांगूस. अर्धा तास झाला नाही माझ्या बाजूने बोलून तुला."

सासूबाईंचा तो शब्द धाकटीला लागला, पण लांबून, दुसऱ्याच कुणाला लागावा तसा. पुढे कधीतरी, एखाद्या साध्यासुध्या दुपारी, शिवता शिवता, तो नीट लागेल आणि तेव्हा सुई हातात रुतेल, हे तिला आत्ताच कळत होतं. आत्ता तिला सासूबाईंच्या पायांकडे बघून एवढंच वाटलं की त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

"प्रार्थना राहिलीय," सासरे म्हणाले.

"आता कसली प्रार्थना?" नणंद पुटपुटली.

"अर्धी राहिलीय. अर्धी टाकून या घरात कुणी जेवलं नाही कधी. माझ्या भावाला आणून या चटईवर ठेवलं होतं, त्या दिवशीही नाही." ते चटईवर उतरले, एकेक गुडघा हाताने उचलून ठेवावा तसे. "या. ज्याला यायचं त्याने या."

मुकादम उतरला. नणंद थोडी थांबून, डोळे पुसत उतरली. सासूबाई उभ्याच होत्या. धाकटीने गुडघे टेकले, तोच तिच्या खांद्यावर एक जड हात पडला. सासूबाईंना खाली बसायला आधार हवा होता आणि पलंगाचा काठ लांब होता. हात पडला, घट्ट रोवला गेला, आणि त्या खाली बसल्यावरही उचलला गेला नाही. त्यात माया होती की नुसता भार, हे धाकटीला समजेना. तिने खांदा मात्र हलवला नाही.

सासऱ्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. सासऱ्यांनी श्वास घेतला.

तो श्वास बराच वेळ आतच राहिला. मग नुसताच बाहेर आला, शब्दाशिवाय.

"जिथे थांबलो होतो," ते म्हणाले, "तिथून पुढे मला येत नाही, प्रभू. मला क्षमा कर." आणि थोड्या वेळाने, "पोरीचं राहिलंय. तिचं तिला म्हणू द्या."

भिंगरी केव्हाची वाट बघत होती. तिचे हात जोडलेलेच होते, बोटं एकमेकांत दाबून पांढरी झाली होती. तिने तोंड उघडलं. मोरीत थेंब पडला. तिने तोंड मिटलं.

धाकटीने डोळे उघडले. लेकीने एक डोळा उघडून आधी आजोबांकडे बघितलं, मग काकाच्या खाली घातलेल्या मानेकडे, मग आईच्या खांद्यावरच्या आजीच्या हाताकडे. तिला काय समजलं होतं, काय नाही, देव जाणे. हलणाऱ्या दाताला जीभ लावत तिने थोडा विचार केला, मग गुडघ्यांवरच सरकत सरकत ती आईजवळ आली आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"मम्मी," तिने विचारलं, "पप्पांसाठी मागू, की आभार मानू?"